कानबाईच्या सरपणाचा माचा

मित्रांनो, मी एक जुना माचा आहे. आहे म्हणतो खरा, पण माझा आता एकच पाय उरलाय. बाकीचे तीन पाय, पाठ, आडव्या पट्ट्या सगळं चुलीत गेलं. ते का गेलं हे ऐकलंत तर तुम्हालाही राग येईल. मला तर अजून येतो.

माचा म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. चार पायांवर उभं केलेलं कमरेइतकं उंच लाकडी मचाण, दुसरं काय! त्यावर सरपण रचायचं. खालून वारा खेळतो, जमिनीची ओल लागत नाही, विंचूकाट्याचं भय नाही. गावाकडे घरोघरी असतो. मी मात्र सुरतेत जन्मलो, पांडेसऱ्यात, रंगाच्या मिलच्या मागच्या खोल्यांमध्ये. तिथे आमच्या खानदेशातली इतकी माणसं राहतात, की सकाळी नळावर गुजराती कमी आणि अहिराणी जास्त ऐकू येते.

माझे पाय बाभळीचे. ते मगननं गावाहून आणले होते. मगन मिलमध्ये कापड रंगवायचा, त्यामुळे त्याची नखं कधी निळी, कधी लाल असत. माझी पाठ मिलमध्ये आलेल्या एका मशिनच्या खोक्याची. शेजारच्या खोलीतला गंगाराम रेल्वेत होता, पण हात असा सुताराचा, की बघत राहावं. त्यानं एका रविवारी मला ठोकून उभं केलं. खोक्याच्या फळ्यांवर काळ्या रंगाचे बाण होते, ही बाजू वर ठेवा असं सांगणारे. गंगारामनं त्या फळ्या आडव्या मारल्या. त्यामुळे जन्मभर माझे बाण भिंतीकडे बोट दाखवत राहिले. मला त्याचं हसू यायचं. हसायचे दिवस होते ते.

मगनची बायको मालतीबाई. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माणूस म्हणून जिला जागा आहे, ती हीच. मिलमधली आठ एकटी माणसं तिच्याकडे जेवायला होती. मागच्या पत्र्याच्या पडवीत तिची चूल, चुलीपासून चार पावलांवर मी. रॉकेल रांगेत उभं राहूनही पुरं पडायचं नाही, आणि भाकरी चुलीवरचीच हवी, असा त्या आठही जणांचा हट्ट. म्हणून चिंधा नावाचा लाकूडवाला हातगाडीवरून वेड्या बाभळीची लाकडं आणून टाकायचा आणि मालतीबाई ती माझ्यावर रचायची.

रचायची म्हणजे कशी! कोणीही यावं आणि लाकडावर लाकूड टाकावं, असलं काम नव्हतं ते. आधी माझ्या पायांखाली विटा, विटांना जळकं तेल, म्हणजे वाळवी चढत नाही. भिंतीपासून हातभर अंतर सोडायचं. प्रत्येक लाकडाची साल वर, म्हणजे पत्रा गळला तरी पाणी सालीवरून ओघळतं. बारीक टोक भिंतीकडे, जाड टोक पुढे. दर चौथ्या थराला दोन लाकडं आडवी, रांगेला टेकू म्हणून. आणि शेवटी तळहातानं जाड टोकांवर एकेक थाप मारत जायची. सगळी टोकं एका रेषेत आली, की पदराला हात पुसायची. शेजारणी बघायला यायच्या. गंगारामची बायको सोनाबाई म्हणायची, "मालती, तुझं सरपण बघितलं की चूल पेटवूच नये असं वाटतं." त्या दिवशी माझी पाठ कितीही वाकलेली असो, मी ताठ व्हायचो.

मग आला वाल्मिक. मगनचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा, हातात पिशवी, पायात गावची धूळ. खोलीत जागा कुठे? वैशाख होता, माझ्यावरचं सरपण संपत आलेलं. मालतीबाईनं उरलेली लाकडं खाली काढली, माझ्यावर गोधडी अंथरली आणि म्हणाली, "आठे नीज." त्या उन्हाळ्यात वाल्मिक माझ्या पाठीवर झोपला. मित्रांनो, तोवर माझ्यावर फक्त लाकडं होती. जिवंत माणसाचं ओझं पहिल्यांदाच घेतलं. ते लाकडाहून हलकं वाटलं मला. वेडा होतो मी.

मालतीबाईनं त्याला पोटच्या पोरासारखं केलं. मिलमध्ये चिकटवलं, आठ जणांच्या आधी त्याला वाढलं, आणि दुपारच्या मोकळ्या वेळात सरपण रचायला शिकवलं. बाप्या माणसाला कशाला शिकवतेस म्हणून मगन हसायचा. ती म्हणायची, "शिकू दे. हाताला वळण लागतं." पहिल्यांदा वाल्मिकची रांग धाडकन कोसळली. दुसऱ्यांदा अर्धी टिकली. पावसाळा संपेपर्यंत त्याची रांग आणि तिची रांग ओळखू येईना. शेवटच्या थापा मारायची तिची लकबसुद्धा त्यानं उचलली. सबंध सुरतेत त्या पद्धतीनं सरपण रचणारी दोनच माणसं होती, ती आणि तो.

आणि तो वाईट नव्हता हो! हेच तर मला गिळता येत नाही. प्लेगच्या साली सगळी सुरत पळाली. मगन, मालतीबाई, शेजारीपाजारी, जो तो मिळेल त्या गाडीनं गावाकडे गेला. वाल्मिक एकटा थांबला, खोली सांभाळायला. ओस पडलेल्या त्या गल्लीत तो माझ्याशी बोलायचा. मालतीबाई महिन्यानं परतली, तेव्हा सरपणाची एक काडी हललेली नव्हती. तिनं दारातच त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कडकडा बोटं मोडली.

पुढे त्याचं लग्न झालं. त्याची बायको योगिता. दोन गल्ल्या सोडून त्यानं वेगळी खोली घेतली. पण सवय काही सुटली नाही. आमच्या पडवीला मागच्या बोळात उघडणारं एक पत्र्याचं दार होतं. त्याची कडी आत, पण कडीला बांधलेली सुतळी मालतीबाईनं फटीतून बाहेर सोडून ठेवलेली. ही सुतळी फक्त वाल्मिकसाठी. तो येताजाता सुतळी ओढायचा, "वयनी!" अशी हाक मारायचा, उभ्या उभ्या अर्धी भाकरी खायचा, माठातलं पाणी ओंजळीनं प्यायचा आणि पळायचा. वयनी म्हणजे वहिनी. आमच्या अहिराणीत तसंच म्हणतात.

आता ऐका. सन अठ्ठ्याण्णव. खानदेशात श्रावणात कानबाई बसवतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी. सगळ्या भाऊबंदांची मिळून एक कानबाई, एकाच घरी. आदल्या दिवशी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषमाणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात, दळतात. त्याच पिठाच्या पोळ्यांचा नैवेद्य म्हणजे रोट. रोट घरच्यांनीच खायचा. ज्याच्या नावाची मूठ त्यात पडली, तो घरचा.

ही कानबाई आजवर गावी थोरल्या काकांकडे बसायची. काका थकले. त्यांनी निरोप धाडला, यंदा मगनकडे बसवा. मालतीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातही काकूनं निरोपाला शेपूट जोडलं होतं, की सुरतेच्या बायकांना आता चूल कुठली पेटवता येते! ते मालतीबाईला असं लागलं म्हणता! तिनं कानबाईपुढे बोलून टाकलं, "माय, तुना रोट मी चुलीवरच करसू. सुक्या बाभळीवर."

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली तशी ती कामाला लागली. आखाड-श्रावणात सुरतेत सुकं लाकूड शोधून सापडत नाही. म्हणून उन्हाळ्यातच तिनं चिंधाकडून निवडून निवडून लाकडं घेतली, पंधरा दिवस उन्हात उलटीपालटी केली आणि माझ्या डाव्या अर्ध्या अंगावर रचली. वर हळदीकुंकवाचं बोट ओढलं, आडवा दोरा बांधला. मगनला, आठही जेवणाऱ्यांना बजावलं, "हाई कानबाईनं सरपन शे. याले कोनी हात लावानं नही." कोणी लावलाही नाही. उजवा अर्धा रोजच्या वापराचा, डावा देवीचा. मित्रांनो, चूक झाली ती इथेच. रोजच्या सरपणात रोज हात जातो, कमी झालं की कळतं. देवीच्या सरपणाला हात लावायचा नाही म्हटल्यावर त्यात हात घालून बघणार कोण?

त्याच अखाजीला वाल्मिकनं मिल सोडली आणि गेटाजवळ चहा-भज्यांची लारी, म्हणजे हातगाडी, लावली. आखाडात पाऊस लागला. त्याची लाकडं भिजली. धूर व्हायचा, चहा उकळायचा नाही, गिऱ्हाईक उठून दुसऱ्या लारीवर जायचं. एका दुपारी सुतळी हलली. मालतीबाई दळण आणायला गेली होती. वाल्मिक आत आला, इकडेतिकडे बघितलं आणि भिंत नि माझ्या मधल्या त्या हातभर जागेत शिरला. मागच्या रांगेतली त्यानं चार लाकडं ओढली. मला वाटलं, नड आहे पोराची, परत आणून ठेवेल. मनातल्या मनात मी त्याची बाजूसुद्धा घेतली.

दुसऱ्या दिवशी सहा नेली. मग रोज. दोऱ्याला धक्का न लावता, कुंकवाचं बोट न पुसता, मागून. मी आतून पोखरला जात होतो आणि पुढून भरल्या अंगाचा दिसत होतो. मालतीबाई रोज चुलीपाशी बसून माझ्याकडे समाधानानं बघायची. मला ओरडावंसं वाटायचं, बाई गं, आत हात घाल! पण लाकडाला तोंड कुठून आणू?

एका दुपारी मात्र आतला आधार संपला आणि पुढची रांग त्याच्या अंगावर कोसळली. मला वाटलं, सुटलो. आता हा घाबरेल, पळेल, मालतीबाई येईल आणि सगळं उघड्यावर पडेल. पण वाल्मिक पळाला नाही. त्यानं बोळातून एक जुना बांबू आणला, तोडून आत दोन टेकू उभे केले आणि त्यांच्यावर पुढची रांग पुन्हा रचली. साल वर. बारीक टोक भिंतीकडे. चौथ्या थराला दोन आडवी. दोरा होता तसा बांधला. कोपऱ्यातल्या कोयरीतलं कुंकू घेऊन बोट ओढलं. आणि शेवटी, मित्रांनो, शेवटी त्यानं तळहातानं जाड टोकांवर एकेक थाप मारली. तिनं शिकवलेली. त्या थापा मला कुऱ्हाडीपेक्षा जास्त लागल्या. चार लाकडं नेली ती नड होती. ही रांग रचली ते केसानं गळा कापणं होतं.

शनिवारी घर सारवलं. गहू सुपात घेऊन मालतीबाई बसली. थोरल्या काकांच्या नावानं सव्वा मूठ. मगनच्या नावानं सव्वा मूठ. वाल्मिकचं नाव आलं, तेव्हा तो दारातच उभा होता. तिनं वर बघितलं, हसली आणि त्याची मूठ जरा दाबून भरली. त्यानं मान खाली घातली. तिला वाटलं, पोर देवीपुढे नमला.

रविवारी सकाळी कानबाई बसली. बाहेर मुसळधार. रोजच्या वापराचं उजव्या बाजूचं सरपण ओलसर, नावाला उरलेलं. पण चिंता कसली! मालतीबाईनं आंघोळ केली, नवं लुगडं नेसली, माझ्यापाशी आली, हात जोडले आणि दोरा सोडला. पहिलं लाकूड ओढलं मात्र, बांबू सरकला आणि सगळी रांग आत, पोकळीत, गडगडत कोसळली.

ती तशीच उभी राहिली. हातात एक लाकूड. समोर माझी रिकामी पाठ, मधे दोन मोडके बांबू आणि रांगेपुरती वीस-पंचवीस लाकडं. तेवढ्यावर पुरणही शिजलं नसतं.

मगन धावत आला. "चोर! बोळातून शिरले साले!" तो ओरडायला लागला. पावसात बाहेर जाऊन बघून आला, चिंधाला शिव्या दिल्या, बोळातल्या पोरांना दिल्या.  मालतीबाई खाली बसली. दोन-चार लाकडं अजून एकमेकांना धरून होती, ती तिनं निरखली. साल वर होती. बारीक टोकं भिंतीकडे होती. चौथ्या थराची दोन आडवी लाकडं होती. तिनं त्यांच्यावरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. चोर काही साल वर करून जात नाही. तिला कळलं. मला दिसलं की तिला कळलं.

"आते काय करानं?" मगननं डोक्याला हात लावला. "दुपारी पंधरा माणसं येतील. वाल्मिककडे गॅस आहे, तिथं करू रोट." पण बसलेली कानबाई विसर्जनाशिवाय जागेवरून हलत नाही, आणि तिच्यापुढे केलेला बोल मालतीबाई मोडणार नव्हती. सोनाबाईनं भिंतीपलीकडून स्टोव्ह देऊ केला. मालतीबाई नको म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या दारानं वाल्मिक आणि योगिता आले. त्यानं नवा शर्ट घातला होता. "काय व्हयनं वयनी?" त्यानं विचारलं. अगदी भोळ्या आवाजात. मालतीबाईनं त्याच्याकडे बघितलं.  मग कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"हाई कुऱ्हाड ले. माचा सुका शे. तूच फोड."

वाल्मिकचा चेहरा पांढराफटक पडला. "वयनी, याच्यावर तर मी..."

"हां. त्याच्यावरच तू निजायचास. फोड."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिचाही राग आला. इतकी वर्षं हिचं सरपण पाठीवर वाहिलं, एका काडीला ओल लागू दिली नाही, आणि आज हिनं माझ्याकडे नुसतं सुकं लाकूड म्हणून बघावं? चोरी कोणाची, आणि फोडायचं कोणाला! पण मग मी तिचे हात बघितले. पदराचं टोक तिनं दोन्ही मुठींत पिळून धरलं होतं.

त्यानं पहिला घाव घातला तो माझ्या पाठीवर, जिथे त्याचं डोकं असायचं. बाणांच्या फळ्या फुटल्या. मग पाय. एक, दोन, तीन. चौथ्या पायात बाभळीची जबर गाठ होती. कुऱ्हाड तिथं उसळायला लागली. वाल्मिक घामानं निथळत होता, डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. मगनला वाटलं, श्रमानं. मालतीबाई म्हणाली, "राहू दे तो."

चूल अशी पेटली की विचारू नका. ना धूर, ना फुंकणी. वर्षानुवर्षं सुकलेलं अंग होतं माझं. पुरण शिजलं, पोळ्या फुगल्या. भाऊबंद जेवायला बसले आणि गावाहून आलेले थोरले काका म्हणाले, "मालती, गावच्या रोटापेक्षा गोड झाला." जिच्यासाठी जीव टाकला, ती शाबासकी मिळाली. पण तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काही उतरलं नाही. ती वाढत वाढत वाल्मिकपाशी आली. त्याच्या ताटातली पोळी तशीच होती. तिनं त्यावर आणखी एक वाढली.

"खाय," ती म्हणाली. "तुन्या नावची मूठ शे यामा."

त्यानं खाल्लं. मी कोपऱ्यात पडल्या पडल्या बघत होतो. तिनं त्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही. पुढेही नाही. मगनला आजतागायत वाटतं, की लाकडं चिंधानं नेली.

मंगळवारी मालतीबाईनं मागच्या दाराची सुतळी कापली. मग मला उचललं आणि गंगारामकडून तासून घेतलं. गंगाराम हळहळला, "माझ्या हातचा माचा होता हो," म्हणाला. तिनं मला त्या दाराला आडवं बसवलं. तेव्हापासून मी अडसर आहे. ज्याच्यासाठी दार उघडं असायचं, त्याच्याचसाठी ते बंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

वर्ष गेलं. घरात गॅस आला. चूल लिंपून कोपऱ्यात ठेवली, माझ्या जागी पाण्याचं पिंप आलं. पुन्हा कानबाईचे दिवस आले, आणि एका सकाळी बाहेरच्या बाजूनं सुतळीच्या फटीवर कोणीतरी चाचपडलं. सुतळी नव्हती. मग थाप पडली. थाप मी ओळखली. जाड टोकांवर पडायची ना, तीच.

मालतीबाई आली. तिचा हात माझ्यावर आला आणि थांबला.

"कोन शे?"

"मी शे, वयनी." बाहेर पाऊस पडत होता. "सुकं सरपन लई शोधून आणलं. सबंध मोळी आणली. कोठे ठेऊ?"

तिची बोटं माझ्या गाठीवर आवळली. किती वाट बघितली होती मी या परत आणण्याची! मला वाटलं, आता ही मला उचलेल. पोटच्या पोरासारखा केलेला, शेवटी उचलेलच. माझ्यापुरतं सांगतो, तेव्हा मीसुद्धा उचललं जायला तयार होतो.

"ठेवाले माचा कोठे शे आते?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पुढना दारवर ये."

मोळी खाली टेकल्याचा आवाज आला. मग पावलं बोळातून वळसा घालून गेली. पुढच्या दारानं वाल्मिक आत आला. तिनं त्याला सतरंजी टाकून दिली, पेल्यात पाणी दिलं, खाली ताटली ठेवून. पाहुण्याला देतात तसं. जो अकरा वर्षं माठातलं पाणी ओंजळीनं प्यायला, त्यानं तो पेला ताटलीत परत ठेवला. पाणी काही तो प्यायला नाही. मोळी बोळात भिजत पडली.

त्या शनिवारीही तिनं गहू मोजले. वाल्मिकच्या नावानं सव्वा मूठ पडली, पण या वेळी दाबून भरली नाही.

मित्रांनो, मी लाकडाचा एक तुकडा, तुम्हाला काय शिकवणार? एवढंच मागतो. सरपण असो, धान्य असो, माणूस असो, नुसती पुढची रांग बघून निश्चिंत होऊ नका, अधूनमधून आत हात घालून बघत जा. आणि तुमच्यासाठी कोणी मागच्या दाराची सुतळी बाहेर सोडून ठेवली असेल, तर नड पडल्यावर तिथं उभं राहून हाक मारा. तिनं त्याला ती चार लाकडं दिली असती हो! कानबाईची शपथ, मागितली असती तर तिनं अर्धा माचा दिला असता.

त्यानं मागितलं नाही, म्हणून मी आज या दाराला आडवा आहे.